वैभवी खऱ्यांचं ग्रीस

न पाहिलेल्या गावाची वाट वैभवीला पाहिलेल्या गावापेक्षा जास्त चांगली सांगता यायची. ती मूळची मिरजेची. पुण्याला शिकायला आली, बी.ए. झाली आणि टिळक रोडवरच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवर चिकटली. सहा वर्षं तिने तिथे बसून लोकांना युरोप विकला. स्वतः तोवर गोव्याच्या पुढे गेली नव्हती. पण समोर एखादं निवृत्त जोडपं येऊन बसलं की ती पेन बाजूला ठेवायची आणि सांगायची, "काका, बसमध्ये डावीकडे बसू नका. तिकडे नुसते गोदामांचे पत्रे दिसतात. उजवीकडे बसा, नदी दिसेल." काका परत आल्यावर पेढे घेऊन यायचे. नदी खरंच उजवीकडे असायची, कारण वैभवी नकाशे पाठ करायची.

नकाशा जिथे संपायचा तिथून पुढे मात्र ती मनाने जायची. कंपनीने एकदा ग्रीसच्या एका बेटाची सहल काढली आणि तिथल्या बंदराच्या गावातून पायी कसं हिंडावं याचं दोन पानी मराठी पत्रक तिला लिहायला सांगितलं. तिने लिहिलं: धक्क्यावर उतरा, समुद्र उजव्या हाताला ठेवा, पांढऱ्या भिंतींच्या गल्लीत शिरा, चुकलात तरी घाबरू नका, चुकण्यासाठीच ती गल्ली आहे, पायऱ्या संपल्या की पवनचक्की. मधे एका निळ्या दारापाशी झोपलेलं पिवळं मांजरही तिने घालून दिलं. सहलीहून परतलेल्या कुमुदिनी पटवर्धन नावाच्या एक शिक्षिका मुद्दाम काउंटरवर आल्या.

"सगळं तुम्ही लिहिलंत तसंच होतं हो," त्या म्हणाल्या, "पण मांजर काही दिसलं नाही."

"सोमवारी गेला होतात का?" वैभवीने विचारलं.

"हो, सोमवारीच."

"सोमवारी नसतं ते."

अशा मुलीचं लग्न २००१ साली अनुप खरे याच्याशी झालं. अनुप आडनावाला जागणारा. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा त्याचा धंदा होता आणि घरी आल्यावरही तो धंदा बंद होत नसे. ट्रेनमध्ये शेजारच्याचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं तर तो त्याला सांगायचा. पहिल्या भेटीत त्याने वैभवीला विचारलं होतं, कुठे जायला आवडेल? ती म्हणाली, ग्रीस. तो म्हणाला, नेईन. आणि तो म्हणाला म्हणजे नेणारच, हे दोघांनाही माहीत होतं. फक्त कधी, ते ठरत नव्हतं. आधी पुण्यातलं घर आलं, मग जपानच्या प्रोजेक्टची भाषा परीक्षा आली, आणि २००३ साली ग्रीसऐवजी कोबे आलं.

कोबेला मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या उतारावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. अनुप सकाळी आठला जायचा तो रात्रीच्या जेवणाला कसाबसा पोचायचा. वैभवीने स्टेशनजवळच्या डबेवाल्या दुकानात आरुबाइतो धरला. आरुबाइतो म्हणजे अर्धवेळ नोकरी. चार तास उभं राहून डब्यांत भात भरायचा आणि भाताच्या मधोमध एक लाल आंबट फळ दाबायचं. उरलेल्या वेळात ती पायी हिंडायची. वर्षभरात कोबेतल्या सान्नोमियाच्या स्टेशनातल्या कुठल्या दारातून बाहेर पडलं की वारा लागत नाही, कुठल्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, कोथिंबीर मिळू शकते आणि कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, हे नव्याने आलेल्या मराठी बायका वैभवीलाच विचारायला लागल्या.

फक्त एक बाई तिला काही विचारत नसे. ती म्हणजे तिची मोठी जाऊ, अरुणावहिनी.

अरुणावहिनी पुण्यात सहकारनगरला राहायच्या आणि दर वर्षी एक देश करायच्या. 'करायच्या' हा त्यांचाच शब्द. "गेल्या वर्षी सिंगापूर केलं, यंदा स्वित्झर्लंड केलं." केलेल्या देशाचे बारा फोटो त्या ई-मेलने पाठवायच्या आणि फोनवर हळूच म्हणायच्या, "तुम्ही काय केलंत? जपानात राहून जपानच का?" त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. पण वैभवी फोन ठेवल्यावर पाच मिनिटं भांडी जरा जोरात घासायची.

२००४ सालच्या मे महिन्यात जपानी लोकांना लागून सुट्ट्या आल्या. अनुपने स्टेशनवरून एक घडीपत्रक आणलं आणि जेवणाच्या टेबलावर उलटं ठेवलं.

"हसू नकोस," तो म्हणाला.

पत्रक शोदोशिमा नावाच्या बेटाचं होतं. बेटावर ऑलिव्हची झाडं. ग्रीसमधल्या कुठल्याशा बेटाशी त्याचं बहिणीचं नातं जोडलेलं. टेकडीवर ग्रीक पद्धतीची पांढरी पवनचक्की.

"ग्रीस म्हणून नाही हं," अनुप घाईघाईने म्हणाला. "ग्रीसला मी नेणारच आहे. हे आपलं असंच."

वैभवी हसली नाही. तिने पत्रक सरळ केलं, पवनचक्कीकडे बघितलं आणि उठून बुटांना पॉलिश केलं.

हिमेजीपर्यंत गाडी, तिथून फेरीबोट, पुढे बस. बेटावरच्या तोनोशो नावाच्या बंदराच्या गावात उतरल्यावर वैभवीने समुद्र उजव्या हाताला ठेवला आणि चालायला लागली. गावात खरंच चुकायच्या गल्ल्या होत्या. जुन्या काळी समुद्री चाचे आले तर त्यांना वाट सापडू नये आणि वाराही आत शिरू नये, म्हणून त्या वाकड्यातिकड्या बांधल्या होत्या म्हणे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची. धक्क्यावर दोरीला ऑक्टोपस वाळत घातले होते, आठही पाय पसरून, धुतलेल्या बंड्यांसारखे. दुपारी ते टेकडीवर गेले. झाडांची रुपेरी पानं, खाली निळंभोर पाणी, वर पांढरी पवनचक्की. वैभवी तीन तास एक शब्द बोलली नाही. अनुपला वाटलं ती रागावली आहे. परतीच्या फेरीत तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं तेव्हा त्याला कळलं, तसं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वहिनींना पाच फोटो पाठवले. खाली लिहिलं, 'ऑलिव्हच्या बेटावरून, समुद्राच्या वाऱ्यात. वैभवी.' यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

उलट टपाली उत्तर आलं: 'ग्रीस!!! आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाहीस!'

वैभवीने ते दोनदा वाचलं. आता खरं काय ते लिहायला पाहिजे, हे तिला कळत होतं. 'अहो वहिनी, हे ग्रीस नाही' इतकं टाइप करायला कितीसा वेळ लागतो? पण अरुणावहिनींकडून तीन उद्गारचिन्हं मिळायची ही पहिलीच वेळ होती. तिने लिहिलं, 'अगदी अचानक ठरलं, वहिनी.' हेही एका अर्थी खरंच होतं.

पुढच्या रविवारी वहिनींनी फोनवर पहिल्यांदा प्रश्न विचारले. गाव कसं आहे, माणसं कशी आहेत, खायला काय मिळतं? वैभवीने डोळे मिटले आणि टिळक रोडवरचं पत्रक पुन्हा उलगडलं. धक्का, गल्ली, पायऱ्या. यावेळी तर तिच्या पायांना गल्लीची आठवणही होती, त्यामुळे सांगणं आणखीच रंगलं. एक म्हातारी खिडकीतून टोपली खाली सोडते आणि मासेवाला त्यात मासे टाकतो, असं ती म्हणाली. ही म्हातारी कुठून आली ते तिलाही कळलं नाही. वहिनी पलीकडून "अय्या!" म्हणाल्या. चाळीस मिनिटांचं फोनकार्ड संपलं तेव्हा दोघींनाही हळहळ वाटली. आठ दिवसांनी वहिनींनी पुन्हा फोन केला, फक्त त्या म्हातारीची चौकशी करायला.

अनुपला हे कळलं ते त्याच्या आईकडून. "काय रे, ग्रीसला थंडी होती का?" आईने फोनवर विचारलं. अनुप रिसीव्हर धरून तसाच उभा राहिला. समोर वैभवी हात जोडून उभी.

"समुद्रकाठ होता, आई," तो शेवटी म्हणाला. "बेताची होती."

फोन ठेवून तो सिंकपाशी गेला आणि कचऱ्यात टाकायच्या बाटल्यांची लेबलं सोलायला लागला. त्याला विचार करायचा असला की तो बाटल्या सोलत असे.

"मी खोटं बोललो नाही," तो म्हणाला.

"अजिबात नाही," वैभवी म्हणाली.

"तू सांगून टाक."

"सांगते."

पण रोज सांगायचं म्हणता म्हणता सहा महिने गेले आणि माधव आला. माधव हा अनुपच्या टीममध्ये पुण्याहून आलेला नवा इंजिनीअर, राहणारा नेमका अरुणावहिनींच्या सोसायटीतला. ऑफिसात पहिल्याच दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "खरे-सान, तुमच्या ग्रीसचे फोटो आमच्या अख्ख्या बिल्डिंगने पाहिलेत." कोबेच्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम तोंडावर आला होता. गाणं म्हणणाऱ्या बाईंचा घसा बसला होता. झालं, अर्धा तास वैभवी खरे यांचं 'ग्रीसच्या बंदरातून पायी' ठरलं. वैभवीला न विचारताच.

"आता?" अनुपने विचारलं.

"आता प्रोजेक्टर आण ऑफिसातून," वैभवी म्हणाली.

तिने फोटो निवडायला तीन संध्याकाळी घातल्या. जपानी अक्षर दिसलं की फोटो बाद. कौलारू छप्पर दिसलं की बाद. शेवटी अठरा उरले. अनुप शेजारी बसून बघत होता. एरवी चुका शोधणं हा त्याचा धंदा, पण त्या दिवशी त्याने तोंड उघडलं नाही.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. पुढच्या खुर्चीवर गुणवंतभाई शहा. वय बहात्तर, मोत्यांचे व्यापारी. काळबादेवीहून चोविसाव्या वर्षी कोबेला आले ते इथलेच झाले. मराठी त्यांना गिरगावातल्या शाळेपासून येत होतं, म्हणून मराठी कार्यक्रमालाही त्यांना मानाने बोलवायचे आणि तेही मानाने येऊन भाषणात झोपायचे. त्या दिवशी मात्र दिवे गेले, भिंतीवर निळा समुद्र आला, आणि गुणवंतभाई जागेच राहिले.

वैभवी उभी राहिली आणि तिने चाळीस माणसांना चालायला लावलं. "धक्क्यावर उतरलात ना? आता समुद्र उजव्या हाताला ठेवायचा. घाई करायची नाही." ऑक्टोपसचा फोटो आला तेव्हा शाकाहारी गुणवंतभाईंनी डोळ्यांवर रुमाल धरला आणि पुढचा फोटो आल्यावर काढला. गल्ली आली. टोपलीवाली म्हातारी आली, फोटोशिवायच. लोक खुर्च्यांत पुढे सरकले. अकराव्या फोटोला गुणवंतभाईंनी हात वर केला.

"बेन, जरा थांबा. ती कोपऱ्यात काय पेटी आहे?"

वैभवीने वळून पाहिलं. पांढऱ्या भिंतीच्या टोकाला, तीन संध्याकाळी डोळ्यांत तेल घालून बघूनही सुटलेलं, थंड चहाच्या बाटल्या देणारं मशीन उभं होतं. जपानात कोपऱ्याकोपऱ्यावर उभं असतं तेच. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. अनुप प्रोजेक्टरच्या मागे जमिनीत जायला जागा शोधत होता.

"त्याचं काय आहे, गुणवंतभाई," वैभवी शांतपणे म्हणाली, "तिथे जपानी टूरिस्ट फार येतात. त्यांची सोय."

गुणवंतभाईंनी मान डोलावली. "बरोबर. लई सोय करतात ते लोक. मी तीन वेळा गेलोय ग्रीसला. चालू दे, बेन."

वैभवीने तरी उरलेले सात फोटो तडीस नेले. टाळ्या पडल्या. लोक फराळाकडे वळले तसे गुणवंतभाई चकलीची बशी घेऊन तिच्याजवळ आले.

"शोदोशिमा," ते हळूच म्हणाले.

वैभवीने आधी आजूबाजूला पाहिलं.

"इथल्या पाच-सहा जणांनी तरी पाहिलंय ते बेट. कुणी बोललं? नाही. कारण तुम्ही सांगत होता मस्त." त्यांनी चकली मोडली. "मी तीन वेळा ग्रीसला गेलो, बेन. तिन्ही वेळा विमानतळ, हॉटेल, गिऱ्हाईक. समुद्र खिडकीतून. ती गल्ली तरी खरी आहे का?"

"गल्ली खरी आहे," वैभवी म्हणाली. "म्हातारी खोटी."

"टोपली?"

"टोपलीही."

"हरकत नाही. मला ती गल्ली चालून दाखवायची. नाहीतर मी ह्या माधवभाईंना सांगतो." आणि बहात्तर वर्षांचा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा डोळा मारून दुसरी चकली घ्यायला गेला.

पण हिवाळ्यात त्यांचे गुडघे धरले, आणि गल्ली वसंतावर गेली. वसंतात अरुणावहिनी आल्या.

साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला येते, म्हणून त्यांनी फेब्रुवारीतच कळवलं होतं. अनुपचे दादा, रविकांत, बँकेत होते. मार्चअखेरच्या कामांमुळे त्यांना रजा मिळाली नाही. म्हणून २००५ सालच्या एप्रिलात वहिनी एकट्या आल्या. बॅगेत गोडा मसाला, भाजणी आणि वैभवीच्या आवडीच्या मिरजेच्या पेढ्यांचा डबा, जो त्यांनी मुद्दाम मागवून घेतला होता. तो डबा बघून वैभवीला इतकं ओशाळं वाटलं की तिने त्याच संध्याकाळी सांगून टाकायचं ठरवलं. नेमके त्याच संध्याकाळी गुणवंतभाई जेवायला आले.

"अरुणाबेन, जपानात काय काय बघणार?" त्यांनी विचारलं.

"वैभवी नेईल तिथे."

"मग एक फर्स्टक्लास बेट आहे. वैभवीबेनला त्याची खडान्‌खडा माहिती आहे. रविवारी आपण सगळेच जाऊ. काय, बेन?"

अनुपच्या घशात आमटी अडकली. वैभवीने त्याची पाठ थोपटली आणि गुणवंतभाईंकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणाचा घास तोंडातच राहिला असता. ते आरामात भात कालवत होते.

त्या रात्री अनुप म्हणाला, "सांगून टाक ना आता."

"त्यांनी पेढे आणलेत रे. पेढ्यांवर कसं सांगू?"

"मग बेटावर कसं करणार?"

"पवनचक्की टेकडीवर आहे," वैभवी म्हणाली. "आपण गावातच राहायचं. खालीच. संध्याकाळपर्यंत."

रविवारी तिने खरंच तसं केलं. फेरीतून उतरल्यावर बेटाच्या उत्तरेकडून जाणारी बस धरली. त्या रस्त्यावरून टेकडी दिसत नाही. तोनोशोला पोचल्यावर तिने सगळ्यांना गल्ल्यांत घातलं, आणि मग बाहेर काढलंच नाही. गुणवंतभाई काठी टेकत, हरखून, प्रत्येक भिंतीला हात लावत चालत होते. "वा! वा! इथे चाचा आला तर सरळ घरीच जाईल कंटाळून!" वहिनींनी नवे कोरे बूट घातले होते. एका अंगणात बांबूवर शुभ्र पांढऱ्या बारीक शेवया वाळत घातलेल्या दिसल्या तेव्हा त्या चपापून थांबल्या. "अगं, ह्या तर आपल्या शेवया! खिरीच्या!" अंगणातल्या बाईंनी वाकून नमस्कार केला, वहिनींनीही वाकून केला, मग त्यांनी पुन्हा केला, वहिनींनी पुन्हा केला. तो नमस्कार थांबवायला अनुपला मधे पडावं लागलं.

मग वैभवीने त्यांना जगातली सगळ्यात अरुंद सामुद्रधुनी दाखवली. दहा मीटरसुद्धा रुंद नाही. वहिनींनी पुलावरून खाली वाकून पाहिलं. "ही सामुद्रधुनी? आमच्या सोसायटीमागचा नाला याहून मोठा आहे," त्या म्हणाल्या, पण पुलावर उभं राहून फोटो काढून घेतला. एक देश करायला आलेल्या बाईला एक सामुद्रधुनीही मिळाली.

दुपारचे दोन वाजले. वैभवीने त्यांना पुन्हा गल्लीत नेलं. वळण, वळण, डावं, उजवं.

"वैभवी," वहिनी थांबून म्हणाल्या, "हे न्हाव्याचं दुकान तिसऱ्यांदा आलं."

"इथे न्हावी फार आहेत, वहिनी."

"आणि तिन्ही दुकानांत तोच माणूस दाढी करून घेतोय?"

खुर्चीतल्या त्या माणसाने, अर्ध्या गालाला फेस असताना, त्यांना ओळखीचा हात केला. गुणवंतभाई भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होते. त्यांची काठी थरथरत होती.

वहिनींच्या टाचेला फोड आला होता. त्या म्हणाल्या, बसायला हवं. बसायला म्हणून सगळे धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात गेले. तिथे भिंतीवर घडीपत्रकं ठेवायची फळी होती. वहिनींनी वारा घ्यायला म्हणून त्यातलं एक उचललं. दोनदा हलवलं. मग थांबल्या. पत्रक डोळ्यांसमोर धरलं, लांब धरलं, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांसमोर धरलं.

पत्रकावर पवनचक्की होती.

अनुप बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. वहिनींनी पत्रकाची घडी घातली, ते पर्समध्ये ठेवलं, चेन ओढली आणि म्हणाल्या, "इथे कुठली बस जाते?"

बसमध्ये त्या खिडकीतून बाहेर बघत बसल्या. वैभवी त्यांच्या शेजारी. "वहिनी," ती एकदा म्हणाली. वहिनींनी हात वर करून तिला थांबवलं. पुणेरी माणसाने शिव्या दिल्या तर निभावतं, गप्प बसला की मात्र कठीण असतं.

टेकडीवर वारा होता. ऑलिव्हची पानं उलटीसुलटी होऊन चमकत होती. वहिनी फोडाची टाच उचलत, एक पाय अलगद टाकत पवनचक्कीपर्यंत गेल्या, कमरेवर हात ठेवून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि मग वळल्या.

"मी भाषण केलंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"महिला मंडळात. 'माझ्या जावेचं ग्रीस.' साठ बायका होत्या. मी नकाशावर काठी ठेवून दाखवलं गं, की तू अमुक बंदरात उतरलीस आणि तमुक वाटेने गेलीस. ती टोपलीवाली म्हातारी सांगितली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं." त्यांचा आवाज चिरकला. "ती म्हातारी तरी आहे का?"

वैभवीने मान हलवली.

"अगं बाई," वहिनी मटकन ओट्यावर बसल्या. म्हातारीचंच त्यांना जास्त लागलेलं दिसलं.

"चुकलं माझं, वहिनी," वैभवी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रचलेलं नव्हतं. "तुम्ही ग्रीस लिहिलंत आणि मला ते खोडवेना. तुम्ही मला कधी काही विचारतच नव्हता हो. मग एकदम इतकं विचारायला लागलात."

वहिनींनी बूट काढला, टाचेवर फुंकर घातली.

"मी विचारत नव्हते," त्या म्हणाल्या, "कारण तू जपानात राहतेस. रोज. मी आठ दिवस जाते आणि बारा फोटो काढते. तुला काय विचारणार? तूच मला विचारशील, 'वहिनी, आठ दिवसांत काय कळलं?' म्हणून आधी मीच सांगून टाकायचे."

अनुप म्हणाला, "मी आज रात्री आईला फोन करून सगळं—"

"अनुपभावजी," वहिनी एकदम ताठ झाल्या, "काही फोनबिन करायचा नाही. साठ बायकांपुढे माझं नाक कापायचंय का? आणि हा बूट द्या इकडे." त्यांनी बूट घातला, पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि पवनचक्कीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "वैभवी, फोटो काढ. मागे जपानी अक्षर येऊ देऊ नकोस. आणि ती कडेची जपानी मंडळी जाऊ देत आधी."

"वहिनी, तुम्ही..."

"परतताना वाटेत केलं म्हणून सांगेन. काढ."

गुणवंतभाई आता उघड हसत होते, इतके की त्यांना बाकावर बसवावं लागलं. अनुप हतबुद्ध होऊन उभा होता. जपानहून पुण्याला जाताना ग्रीस वाटेत लागत नाही, हे सांगण्यासाठी त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग तो पुढे झाला आणि वैभवीच्या हातातून कॅमेरा घेतला.

"तूही उभी राहा," तो म्हणाला. "थोडं डावीकडे. तिकडे बोर्ड आहे."

खऱ्यांच्या घरात त्या दिवसापासून एकही सरळ माणूस उरला नाही.

सासूबाईंना पुढे कधी कळलं की नाही, ते सांगता येत नाही. त्यांनी एकदा फोनवर विचारलं, ग्रीसमध्ये शेवया मिळतात असं अरुणा म्हणते, ते खरं का? वैभवीने ती जबाबदारी वहिनींवर ढकलून दिली.

कोबेत मात्र गुणवंतभाईंनी ती हकिकत कुणाकुणाला सांगितली ते तेच जाणोत. महिनाभरात अकरा जणांनी वैभवीला विचारलं, आम्हालाही न्याल का? त्यात माधवही होता. त्याला खरं सांगताना तिला वाटलं होतं तो बिचकेल. तो म्हणाला, "वहिनी, मला आधीच कळलं होतं. तसलंच मशीन माझ्या ऑफिसखाली आहे. पण मला वाटलं, जागतिकीकरण."

पुढच्या दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईहून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी जपान पहिल्यांदा पाहिलं ते वैभवीच्या मागून चालत. आठवडाभर गुणवंतभाईंच्या जावयाच्या, जयेशच्या, तिकिटांच्या ऑफिसात ती बसायची. डब्यांत भात भरणं सुटलं. रविवारी फुकट, हौसेने, ती नव्या लोकांना हिंडवायची. कोबेचा उतार, जुने परदेशी बंगले, धक्का, कधी बेट. आता ती ठावठिकाणा खरा सांगायची. म्हाताऱ्या मात्र अधूनमधून येत. चालणाऱ्यांनाही ते माहीत असायचं, आणि कुठली म्हातारी खरी आणि कुठली वैभवीची यावर परतीच्या गाडीत पैजा लागत. अनुप शेवटच्या रांगेत चालायचा, कुणी मागे राहू नये म्हणून. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही." त्याच्या तोंडी हे वाक्य यायला चार वर्षं लागली होती.

२००८ सालच्या जूनमधली गोष्ट. ऑफिसात फोन वाजला. योकोहामाहून दीप्ती नावाची कुणी मुलगी बोलत होती. नवरा कावासाकीच्या कंपनीत, येऊन तीन महिने झालेले, आवाज रडवेला.

"तुमचं नाव मैत्रिणीने दिलं," ती म्हणाली. "माझ्या नणंदेने कालच व्हेनिसचे फोटो पाठवलेत. तिने विचारलंय, आम्ही काय केलं म्हणून. वैभवीताई, तुमच्याकडे... तुमच्याकडे इटली आहे का हो?"

वैभवीने ड्रॉवर उघडला, जपानच्या रेल्वेचा मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि पेन उघडलं.

"थांब हं, बघते," ती म्हणाली. "दोन गाड्या बदलल्या तर चालतील का?"